केसोबाची दुसरी दांडी

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना मिळून एकच पिकअप गाडी होती, आणि ती केसोबा अस्वलाची होती. अस्वलाला परवाना कुणी दिला, असं विचारू नका. गोष्टीत परवाना विचारत नाहीत.

केसोबाचं घर टेकडीवर. सकाळी मधाचे डबे भरून तो खाली बाजाराला जायचा आणि दुपारी रिकामी गाडी घेऊन परत यायचा. जाताना त्रास नव्हता. येताना मात्र घराखालच्या चढावर गाडी हटकून अडायची. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची आणि माती उडवायची. पुढची दोन चाकं नुसती सोबतीला होती. इंजिनाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

मग सुळेराव यायचे. सुळेराव म्हणजे रानडुक्कर. ते चढाच्या पायथ्याशीच चिखलात राहायचे. मागून एक धक्का द्यायचे आणि गाडी वर जायची. इथवर सगळं छान होतं.

पण धक्का द्यायला लागायचं अर्धं मिनिट, आणि सांगायला आठवडा. पाणवठ्यावर सुळेराव सांगायचे, बारशाला सांगायचे, वाघाच्या तेराव्यालासुद्धा त्यांनी सांगितलं. "केसोबाचं घर चालतं ते या खांद्यावर," असं म्हणून ते खांदा दाखवायचे. लोक आधी खांदा बघायचे, मग केसोबाकडे बघायचे. केसोबाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढा मोठा मधाचा व्यापारी, पण घरी यायचा तो मान खाली घालून.

त्याची बायको मधुबाई रोज एकच सांगायची. येताना नदीवरून दोन पिंपं पाणी भरून आणा, टेकडीवर पाण्याची बोंब आहे. केसोबा म्हणायचा की व्यापाऱ्याच्या गाडीतून पाणी आणणं बरं दिसत नाही. आणि रिकामी गाडी चढत नाही, ती भरलेली काय चढणार? हे मधुबाईलाही पटायचं, कारण ती शहाणी असली तरी तिनं गाडी चालवलेली नव्हती.

एक दिवस केसोबाला बातमी लागली. पलीकडच्या जंगलातल्या एका गाडीला गिअरच्या दोन दांड्या आहेत, आणि दुसरी दांडी ओढली की ती गाडी भिंतसुद्धा चढते. केसोबा तडक उस्ताद मुंगुसाकडे गेला. उस्ताद जंगलातला एकमेव मेकॅनिक. अंगानं बारीक असल्यामुळे तो गाडीखालीच राहायचा.

उस्तादानं समजावलं की गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटा गिअरबॉक्स बसवायचा. चाक हळू फिरेल, पण जोर दुप्पट लागेल. मग त्यानं एकच प्रश्न विचारला. "गाडी भरून चढायची का रिकामी?"

"चढायची म्हणजे चढायची," केसोबा गुरगुरला.

उस्ताद पुन्हा गाडीखाली शिरला. गिऱ्हाईक गुरगुरलं की गप्प बसायचं, हे तो धंद्यात शिकला होता.

आठ दिवसांनी दुसरी दांडी बसली. केसोबानं ती सपाट रस्त्यावर ओढून पाहिली. इंजिन असं ओरडलं की दोन घारी घरटं सोडून गेल्या. गाडी मात्र मुंगीच्या चालीनं निघाली. बाजूनं एक कासव पुढे गेलं. जाताना त्यानं हात केला. केसोबा खूश झाला, कारण एवढा आवाज म्हणजे ताकद असणारच.

मग त्यानं सगळ्या जंगलाला चढापाशी बोलावलं. दांडीला जास्वंदीचा हार घातला. सुळेरावांसाठी पहिल्या रांगेत खास खुर्ची मांडली. "आज तुम्ही काही करायचं नाही," तो त्यांना म्हणाला. "आज तुम्ही फक्त बसा."

नारळ फुटला. केसोबानं दुसरी दांडी ओढली. पूर्वी चाकं गरगर फिरून उथळ खड्डा करायची. आता ती सावकाश, जोर लावून, खोल खड्डा करू लागली. गाडी काही हलली नाही.

उस्तादानं गाडीखालून मुंडकं बाहेर काढलं. "ताकद आलीय," तो म्हणाला, "पण मागे वजन नाही. वजन असल्याशिवाय चाक जमीन धरत नाही."

सगळे वजन शोधू लागले. शोधता शोधता सगळ्यांची नजर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर गेली. सुळेराव सावकाश उठले. खुर्ची उचलून गाडीत ठेवली, आणि फक्त बसले.

गाडी सरसर वर गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणासाठी झाला, ते केसोबाला आरशात दिसलं. त्याला रडू आलं.

आता सुळेराव रोज दुपारी खुर्ची घेऊन पायथ्याशी तयार असतात. वर पोचले की मधाचं पोळं खातात आणि पाणवठ्यावर सांगतात, "पूर्वी धक्का तरी द्यावा लागायचा. आता मी नुसता बसतो, तरी केसोबाचं घर चालतं."

मधुबाईनं पुन्हा पिंपांचा विषय काढला. "गाडीला वजनच हवंय ना? मग पाणी आणा की."

"आता पिंपांना जागा कुठे आहे?" केसोबा म्हणाला. "मागे सुळेराव बसतात."

आणि तो परत उस्तादाकडे गेला. तिसरी दांडी बसेल का, असं त्यानं विचारलं. उस्तादानं विचारलं, ती कशासाठी?

"सुळेरावांना उतरवायला," केसोबा म्हणाला.

उस्तादानं पाने-पकडी काढल्या.

तात्पर्य: कुणाचे उपकार नको असतील तर चांगले यंत्र बसवून घ्यावे. उपकार करणाऱ्याची उभे राहण्याची गैरसोय दूर होते.