रक्तवाहिन्यांची सेवाज्येष्ठता

आमच्या जन्मनोंदणी कार्यालयात अधीक्षकांची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा हेडक्लार्क नवा चष्मा करून आले. खुर्ची त्यांचीच होती. तीस वर्षांत ते एकदाही उशिरा आले नव्हते आणि साहेबांच्या विनोदाला साहेबांच्या आधी हसले नव्हते.

त्याच आठवड्यात आरोग्य विभागाचे परिपत्रक आले. माणसाचे खरे वय म्हणजे त्याच्या रक्तवाहिन्यांचे वय. भाज्या-फळांतील काही घटक त्या लवचिक ठेवतात. मीठ, साखर आणि तळण त्यांना अकाली ताठर करते. सबब, सर्व कर्मचाऱ्यांची तपासणी करून हे वय नोंदवावे. हेतू स्तुत्य होता. फक्त आमच्या नोंदवहीत वयाचा रकाना एकच आहे, आणि पदोन्नतीची यादीही त्याच रकान्यावरून निघते.

दंडाला पट्टे बांधून सगळ्यांची तपासणी झाली. हेडक्लार्क वय वर्षे चौतीस निघाले. त्यांची बायको वीस वर्षे डब्यात बीट, पालक, लसूण आणि मूठभर अक्रोड देत होती, आणि ते मुकाट्याने खात होते. टायपिस्ट अडतीस वर्षांचा, पण वेफर्स आणि कोल्ड्रिंकवर पोसलेला. तो पंचावन्न निघाला. सर्वांत ज्येष्ठ म्हणून, पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे सहा महिने, खुर्ची त्याला मिळाली.

हेडक्लार्क साहेबांकडे गेले. "साहेब, ह्याला साधा अर्ज लिहायला मी शिकवलंय."

"घाई कसली आहे? तुमच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय."

"निदान माझी जन्मतारीख तरी बघा."

"जन्मतारखेचं काय घेऊन बसलात?" साहेब म्हणाले. "त्या तर आपणच लिहितो."

घरी त्यांनी ताट बाजूला सारले.

"बीट कच्चं राहिलं का?" बायकोने विचारले.

"तुझ्या बीटानं माझं वाटोळं केलं. उद्यापासून डबा नको."

तिने ताट झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी हे त्यांनीच मला सांगितले. मला वाईट वाटले, पण मी वेफर्सचे पाकीट पुढे केले. शेजारचे टेबल माझे आहे, तेवढे कर्तव्य होतेच.

माणूस शिस्तीचा. दहाच्या ठोक्याला खारे, दुपारी तळलेले, चारला गोड. आणि प्रत्येक पाकिटाची आवक नोंदवहीत तारखेसह नोंद. जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "प्रगती आहे."

सहा महिन्यांनी निकाल आला: बासष्ट. यादीत पहिले. अधीक्षकपदाचा आदेश सकाळी निघाला; वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्याने सेवानिवृत्तीचा दुपारी. दोन्ही आदेशांवर सही एकाच पेनाने झाली.

निरोप समारंभात वैद्यकीय अधिकारी लसणाच्या गुणांवर बोलले. बायको त्यांच्याजवळ गेली. "डॉक्टर, जपून खायला घातलं, तर हे पुन्हा पहिल्यासारखे होतील का?"

"थोडेफार होतील. लगेच सुरू करा," तळलेला काप तोंडात टाकत ते म्हणाले. "नोंद मात्र बदलणार नाही."

हेडक्लार्क छातीवर हात ठेवून अधीक्षकांच्या खुर्चीत बसून होते. पहिल्यांदा आणि शेवटचे.

एवढ्यासाठी माणसाने जिवाशी खेळावे का, असे तुम्हाला वाटले असेल. वाटणारच. पण मीठ कमी करा, असे डॉक्टर तुम्हालाही सांगून थकलेत. हेडक्लार्कांनी निदान खुर्चीसाठी खाल्ले. तुम्ही कशासाठी खाताय?