स्पृहाचं कॅनन आणि दिगंबररावांची तोफ

स्पृहाचं कॅनन मोडलं ही बातमी दिगंबर बेलसरे यांना बाल्कनीत, कढीपत्त्याच्या कुंडीत पाणी घालताना कळली. आतल्या खोलीत त्यांची नात मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि तिचा आवाज रडवेला झाला होता.

"कॅनन मोडलं गं माझं, उत्कर्षा! सगळे तुटून पडलेत माझ्यावर. आता लिहिणंच बंद करते मी."

झारीतलं पाणी कुंडीतून उतू जाऊन खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर पडलं. "वर माणसं राहतात की ढग?" अशी खालून चौकशी झाली. पण दिगंबररावांचं तिकडे लक्षच नव्हतं.

दिगंबरराव शिकवण्यासाठीच जन्माला आले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ॲप्रेंटिस पोरांना शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन ते कर्वेनगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि विद्यार्थी संपले. मुलगा केदार आणि सून दोघंही हिंजवडीला नोकरीला. ती सकाळी जायची ती रात्री उगवायची. उरली स्पृहा. लहानपणी ती पतंग का उडतो, घड्याळ कसं चालतं, दह्याला पाणी का सुटतं, सगळं आजोबांना विचारायची. नववीत गेल्यापासून ती मोबाइलला विचारू लागली. मोबाइल दमत नाही, चिडत नाही आणि 'आधी हात धुऊन ये' असंही म्हणत नाही. त्याच्याशी टक्कर घ्यायची कशी? पोरीने एकदा, फक्त एकदा, आपल्याला काहीतरी विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि आज घरात चक्क तोफ मोडली होती!

आता, खरी गोष्ट अशी होती की स्पृहा फॅनफिक्शन लिहायची. 'नीलकांचन' नावाची एक मालिका वाहिनीने अर्ध्यातच गुंडाळली होती. राजकन्या कांचन भुयारात अडकलेली, वरून दार बंद, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला भरल्या वांग्याचा कार्यक्रम सुरू. चाहते चवताळले आणि आपापल्या परीने पुढची गोष्ट लिहून इंटरनेटवर टाकू लागले. स्पृहाने तर कांचनला भुयारातून बाहेर काढून पार समुद्रापर्यंत नेलं होतं. या लिहिणाऱ्यांच्या भाषेत 'कॅनन' म्हणजे मूळ गोष्टीत पक्कं ठरून गेलेलं सगळं. कोण कुणाचा भाऊ, कुणाला पोहता येत नाही, कोण केव्हा मेलं. ते मोडलं की वाचक सोडत नाहीत. स्पृहाने नजरचुकीने, मालिकेत वारलेल्या कांचनच्या काकांना सकाळी अंगणात दात घासायला बसवलं होतं.

दिगंबररावांना यातलं एवढंच ठाऊक होतं की नात राजेरजवाड्यांची काहीतरी लांबलचक गोष्ट लिहिते. राजा आला म्हणजे तोफ आलीच. त्यांनी झारी ठेवली, हात पुसले आणि ते खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय झालं कॅननला?"

स्पृहाने चमकून वर पाहिलं. "आजोबा, तुम्हाला कॅनन माहितीये?"

"मग खडकीत आम्ही काय मुरमुरे भाजत होतो?"

या उत्तराचा अर्थ तिला नीटसा लागला नाही. पण आजोबांच्या तोंडात कारखान्याची भाषा इतकी मुरली होती, की भाजीत मीठ कमी पडलं तरी ते 'माल परत पाठवा' म्हणत. घरात कुणी त्याचा शब्दशः अर्थ लावत नसे. शिवाय आज तिला कुणीतरी हवंच होतं.

"छोट्या गोष्टीत ठीक असतं हो, आजोबा. पण लांब गेलं की कॅनन सांभाळता येत नाही. मला ओढवतच नाही पुढे."

"कसं ओढवेल? वजन असतं त्याला. आधी गाडा मजबूत हवा. ज्याच्यावर सगळा भार पडणार, ते पहिल्यांदा नीट बांधायचं. बरं, निशाण ठरलंय का?"

"निशाण म्हणजे... शेवट?"

"जिथे जाऊन पडायचं ती जागा. ती ठरवल्याशिवाय बार काढला, तर तो कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन पडतो."

स्पृहाने कपाळावर हात मारला. शेवट तिने ठरवलाच नव्हता. तिची कांचन किती तरी दिवस समुद्रकिनाऱ्यावर नुसती उभी होती, ती का, ते तिला आत्ता कळलं.

"आणि एका वेळी किती घालायचं? मी मागच्या खेपेला लग्न, वादळ आणि फितुरी, तिन्ही एकदम घातलं."

लग्न आणि वादळ तोफेत कसं घालतात, हे दिगंबररावांना समजलं नाही. पण 'एकदम घातलं' एवढं समजलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. "एकदम ठासलंस? अगं, नळी फुटेल! एका बाराला लागेल तेवढंच. बाकीचं कोरड्या जागी झाकून ठेवायचं, पुढे लागतं. आणि दोन बारांच्या मध्ये गार होऊ द्यायचं. तापलेल्यात हात घालायचा नाही."

"आणि टाकल्यावर?"

"टाकल्यावर बाजूला व्हायचं. मागे उभं राहून बघत बसलं की झटका बसतो."

"म्हणजे टाकल्या टाकल्या कॉमेंट्स वाचायच्या नाहीत!" स्पृहाचे डोळे चमकले. "आजोबा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू आधी का नाही विचारलंस?" दिगंबरराव म्हणाले. मग ते तडक स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना ग्लासभर पाणी प्यायले.

"काय झालं?" त्यांच्या पत्नीने, वासंतीबाईंनी विचारलं.

"विचारलं तिने."

"काय?"

"ते महत्त्वाचं नाही. विचारलं!"

त्या आठवड्यापासून स्पृहा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून आजोबांपाशी बसू लागली. तिने आधी शेवट ठरवला. मग गोष्टीत कोण कुठे आहे, कोण जिवंत आहे, याची घडी बसवली. काकांना सन्मानाने परत वारू दिलं. ठरावीक दिवशी एक प्रकरण टाकायचं आणि फोन बंद करून सायकल मारून यायचं, असा नेम धरला. रुसलेले वाचक परतले. ती प्रत्येक प्रकरणाखाली 'आजोबा म्हणतात' असं लिहून एक वाक्य देऊ लागली. 'दारू कोरडी ठेवा, ती पुढच्या प्रकरणात लागेल.' 'धूर म्हणजे बार नव्हे.' सांगलीपासून न्यू जर्सीपर्यंत लोक ही वाक्यं एकमेकांना पाठवू लागले. दिगंबररावांना याचा पत्ता नव्हता. ते आपले रोज तोफ शिकवत होते.

आणि मग फोन आला.

"आजोबा, मी अभिनव बोलतो जी. मूळचा वर्ध्याचा, इथं आयटीत हाये. तुमचा नंबर स्पृहानं देल्ला. आमचा लिहिणाऱ्यांचा ग्रुप हाये पुण्यात. येत्या रविवारी जमतो आमी सगळे. तुमी कॅननवर बोला न जी!"

"कॅननवर? किती खोलात जाऊ?"

"जेवढं जाता येईन तेवढं जा. पोरं वाट पाहून राह्यले तुमची."

दिगंबररावांनी फोन ठेवला आणि हाक मारली. "वासंती, तरुण मुलांना तोफेत रस आहे. उगाच नावं ठेवतो आपण या पिढीला."

"कोणत्या तरुण मुलांना?" वासंतीबाईंनी संशयाने विचारलं. पण दिगंबरराव कपाटावरची हत्यारांची पेटी उतरवायच्या मागे लागले होते. नमुन्याशिवाय शिकवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, माझं लाटणं बघितलंत का?"

"राष्ट्रकार्याला गेलंय."

"मग पोळ्या काय तुमच्या हातरुमालाने लाटू?"

"भाकरी कर."

"कणीक मळून झालीये. आणि मसाल्याच्या डब्यांची झाकणं कुठायत?"

"चाकं हवीत ना," दिगंबरराव शांतपणे म्हणाले.

रविवारी वाचनालयाच्या वरचं सभागृह मुलामुलींनी भरून गेलं होतं. पहिल्या रांगेत केदार, सून, ठेवणीतली साडी नेसलेल्या वासंतीबाई आणि मधोमध स्पृहा. ती शेजारच्या प्रत्येकाला सांगत होती, "माझे आजोबा." व्यासपीठावर टेबल, टेबलावर टॉवेलखाली झाकलेला नमुना आणि त्याच्यामागे इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसलेले दिगंबरराव. अभिनव उठला.

"आधी नव्या मंडळीसाठी दोन शब्द. कॅनन म्हंजे काय? तर मूळ गोष्टीत जे जे झालं ते. त्याले धक्का न लावता आपल्याले पुढचं लिहाचं असते. हे लांब गोष्टीत कसं सांभाळाचं, ते आजोबाइतकं सोपं करून कोणी सांगितलं नाही. आजोबा, या जी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिगंबरराव उठले नाहीत. मूळ गोष्टीत जे झालं ते? त्यांच्या डोक्यात गेल्या कित्येक संध्याकाळी उलट्या क्रमाने फिरू लागल्या. लग्न, वादळ आणि फितुरी. परत वारलेले काका. आपण पोरीला काय शिकवलं आणि ती काय शिकली?

तेवढ्यात अभिनवने हौसेने टॉवेल उचलला. लाटण्याची नळी, झाकणांची चाकं, खाली रंगवलेला गाडा. सभागृहात पुन्हा टाळ्या. "काय प्रतीक शोधलंय!" मागून एक मुलगी म्हणाली.

गप्प बसता आलं असतं. प्रतीक म्हणून तोफ सहज खपली असती आणि समोर बसलेल्या नातीची मान ताठच राहिली असती. खरं सांगितलं तर ती पुन्हा मोबाइलकडे जाणार, हेही दिसत होतं. पण चुकीचं शिकवून वर्गाबाहेर पडायचं, हे त्यांना कधी जमलंच नव्हतं.

ते उठले. "मुलांनो, एक खुलासा करतो. कॅनन म्हणजे मला तोफ वाटली होती."

सभागृह हास्याने दणाणलं.

"हसू नका. खरं सांगतोय."

हसणं वाढलं.

"अहो, मी खडकीच्या कारखान्यात होतो! मी इतके दिवस तोफेबद्दलच बोलत होतो. ही तोफ गंमत म्हणून आणलेली नाही!"

एक मुलगा खुर्चीवरून घसरला. "आजोबांचं टायमिंग बघ, टायमिंग!" कुणीतरी ओरडलं.

"लाटणं आहे ते माझं," वासंतीबाई सुनेला म्हणाल्या. त्यांच्या मते त्या हळू बोलल्या होत्या. पण ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं आणि लोकांनी डोळे पुसायला रुमाल काढले.

एकटी स्पृहा हसत नव्हती. आजोबा शिकवताना कधी विनोद करत नाहीत, हे तिला माहीत होतं. ती उभी राहिली. हळूहळू सगळे गप्प झाले.

"ते खरं सांगतायत," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी तोफेच्या गोष्टी ऐकल्या आणि... आणि त्यावर माझी गोष्ट लिहिली."

आता मात्र कुणाला हसावं की नाही ते कळेना. अभिनवने डोकं खाजवलं. "पण मंग... नियम तर लागू पडले न? माझी गोष्ट तीन वर्षांपासून अडून होती, तुमच्या आजोबाच्या भरवशावर पूर्ण केली मी!"

"मीपण!" मागून आवाज आला. मग आणखी एक. एका मुलीने हात वर केला. "आजोबा, एक विचारू? समजा, फुटलीच नळी. मग?"

हात वर झालेला पाहून दिगंबररावांचे पाय आपोआप जमिनीवर घट्ट रोवले गेले. "पहिल्यांदा आजूबाजूच्या कुणाला लागलंय का ते बघायचं. माफी मागायची असेल तर मागायची. मग तुकडे गोळा करून पुन्हा ओतायची. धातू वाया जात नाही."

मुलं लिहून घेऊ लागली.

रिक्षातून परतताना स्पृहा पूर्ण वेळ बाहेरच बघत होती. दिगंबररावांनी दोनदा घसा खाकरला. आणि शेवटी रिक्षावाल्यालाच रस्ता सांगितला. सोमवारी संध्याकाळी तिची नेहमीची वेळ टळून गेली. खुर्ची भिंतीशीच राहिली. दिगंबररावांनी वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचून संपवल्या.

अखेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आजोबा, शिपिंग म्हणजे काय, माहितीये?"

दिगंबररावांच्या डोळ्यांपुढे धक्क्याला लागलेली जहाजं, क्रेन, दोरखंड, शिडी, सगळं क्षणात उभं राहिलं. मुंबईच्या गोदीत त्यांनी एकदा माल उतरवून घेतला होता. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"नाही. तू सांग."

स्वयंपाकघरातून वासंतीबाई नव्याने आणलेलं लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. लग्न झाल्यापासून या गृहस्थांच्या तोंडून 'नाही' असं उत्तर त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"नीट बसा आधी," स्पृहा म्हणाली. "पाठ ताठ. घाई करायची नाही, आपण सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. समजा, गोष्टीत दोन पात्रं आहेत."

"बोटीवर?"

"आजोबा, प्रश्न शेवटी. तर या दोघांचं जमावं असं वाचकांना वाटतं. कळलं का? नाही कळलं तर लाजायचं नाही, मी पुन्हा सांगेन."

दिगंबररावांनी हाताची घडी घातली. बेलसऱ्यांच्या घराण्यात एवढी चांगली शिक्षिका आजवर झाली नव्हती. तिला कुणी घडवलं, हे सगळ्या सोसायटीला ओरडून सांगावंसं त्यांना वाटत होतं. पण तास चालू होता, आणि मध्ये बोलायची परवानगी नव्हती.