खुंटीवाल्या रामटेके ताई

रामटेके ताईंची स्कूटर सदर बाजारात शिरली की साड्यांचे दुकानदार बाहेर टांगलेला माल आत ओढून घेतात. कारण जिथे जागा सापडेल तिथे ताईंनी स्कूटरला तारेचे आकडे अडकवले आहेत. डब्याला एक, छत्रीला एक, भाजीच्या पिशवीला एक, आणि एक नुसताच, लागला तर असावा म्हणून. स्कूटरला भोक मात्र एकही पाडलेलं नाही. "मूळ चीजले हात लावाचा नाही, भैया," त्या मला बजावतात, "आपलं अडकवाचं."

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या ताई तात्यापारा मोहल्ल्यात एकट्याच राहतात आणि आमच्या वधूवर मंडळाची वेबसाइट सांभाळतात. मी मंडळाचा सचिव, म्हणजे त्यांच्याबद्दलच्या तक्रारी ऐकायला नेमलेला माणूस. आमची वेबसाइट तयार मिळणाऱ्या सिस्टिमवर चालते. आधीच्या एका हुशार सभासदाने सिस्टिमच्या मूळ कोडातच लुडबुड केली होती. पहिलं अपडेट आलं आणि त्याचं सगळं काम वाहून गेलं. ताईंनी मात्र शोधून काढलं की सिस्टिम बनवणाऱ्यांनीच जागोजागी रिकाम्या खुंट्या ठेवलेल्या असतात, त्यांना हुक म्हणतात. कोणी लॉगिन केलं, कोणी स्थळ टाकलं, की त्या त्या खुंटीवर आपण जे टांगलं असेल ते आपोआप चालतं. मूळ कोड शाबूत राहतो.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत. मुलाचं स्थळ छापलं की खाली ओळ उमटू लागली, "फोटो जुना दिसून राहिला. आताचा टाका." पगाराच्या शेजारी यायचं, "स्वयंपाक येते का?" मुलींचे बाप खूश झाले, मुलांच्या आया भडकल्या.

पण कहर केला लॉगिनच्या खुंटीने. आत शिरताच वेबसाइट विचारायची, "आले का? जेवले का?" खाली 'हो' आणि 'नाही'. 'नाही' दाबलं की "मंग आधी जेवून या," आणि अर्धा तास दार बंद. आमचे अध्यक्ष वानखेडे साहेब सरळमार्गी माणूस. एकादशीला मुलीसाठी स्थळं बघायला बसले, आणि खोटं कसं बोलायचं म्हणून दिवसभर बाहेरच राहिले. ताईंनी तत्परतेने 'उपवास आहे' असं तिसरं बटण टांगलं. ते दाबलं की साबुदाण्याच्या उसळीची कृती यायची.

साहेबांनी बैठक बोलावली. ही जेवणाची चौकशी आजच्या आज काढा, नाहीतर पासवर्ड परत करा, असं ठरलं. निरोप पोचवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

मला वाटलं होतं, ताई भांडतील. त्या अजिबात भांडल्या नाहीत. एकच तर ओळ आहे, आत्ता काढते, म्हणत त्यांनी लॅपटॉप उघडला. बोट मात्र बटणावर तसंच थांबलं.

"सगळ्यायसाठी काढते, भैया. एका मेंबरसाठी राहू देऊ का?"

कोणासाठी, मी विचारलं.

"माह्यासाठी. आई गेल्यापासून घरी कोणी विचारत नाही ना."

मला इतकं वाईट वाटलं की आपण सचिव आहोत हेच विसरलो. राहू द्या, म्हटलं. साहेबांना काय सांगायचं ते मी बघतो.

त्यांनी तसा बदल केला, आणि चालतं की नाही बघायला बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं. वेबसाइटने विचारलं. दुपारचे चार वाजून गेले होते. ताईंनी 'नाही' दाबलं, समोर आलेली ओळ वाचली, आणि निमूटपणे उठून गॅस पेटवला.