परबकाकांचे चार ब्राउझर

लग्नाचं आमंत्रण मोबाइलवर आलं की लोक मुहूर्त बघतात, हॉल बघतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परबकाका विचारतात, "हे कुठल्या कुठल्या ब्राउझरात उघडून बघितलंत?" मुलीचे वडील बिचारे पुन्हा मुहूर्त सांगतात.

काका रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि आमच्या नाकी नऊ आणले. त्यांच्याकडे इंटरनेटची पानं उघडायला एक नाही, चार ब्राउझर. त्यातले तीन थोरला, मधला नि धाकटा. कॉम्प्युटरबरोबर फुकट आला तो घरजावई. प्रत्येकाचा वार ठरलेला. एकदा मी घाईत गॅस नोंदवून द्या म्हटलं, तर म्हणाले, "आज धाकट्याचा वार. त्याच्यात ते पान नीट उघडत नाही. उद्या ये."

"मग थोरल्यात उघडा की."

"सगळे थोरल्याकडेच गेले, तर उद्या तो म्हणेल तो नियम. वाट लागतली बघ गो. पान नियमाने लिहावं, चौघांत सारखं दिसतं."

गॅस मी दुकानात जाऊन नोंदवला.

सोसायटीची वेबसाइटही काकांचीच. पांढरं पान, काळी अक्षरं. उद्या पाणी नाही, परवा मीटिंग, अमुक वारले. पितृपक्षात काढल्यासारखी. मी सेक्रेटरी, मला लाज वाटायची. म्हणून गणपतीच्या तोंडावर आम्ही बाहेरून नवी करून घेतली. एकदम झकास. उघडली की फुलं पडतात, मोदक गरगर फिरतो. मीटिंगमध्ये सगळे खूष. काका एकटे उभे राहिले.

"घरजावयात मोदक फिरत नाही. आणि चित्रामागे ते कसलं चित्र आहे ते लिहिलेलं नाही. जगभरचा नियम आहे तो."

"काका, मोदक आहे हे दिसतंय ना सगळ्यांना," मी म्हटलं. हशा पिकला. काका खाली बसले. एरवी तासभर भांडणारा माणूस इतक्यात आटोपला, ते मला जरा खटकलं.

त्याच आठवड्यात वर्गणीची पावती द्यायला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काकू फोन कानाशी धरून बसल्या होत्या आणि फोनमधली बाई एका सुरात बोलत होती, "चित्र. चित्र. बटण. बटण. चित्र."

"कोण आलंय?" काकूंनी विचारलं. मी त्यांच्या पुढ्यात उभी होते. हल्ली त्या खाली उतरत नाहीत ते गुडघ्यांमुळे, असं आम्ही धरून चाललो होतो.

"शुगरने नजर गेली गो हिची," काका म्हणाले. "कुणाला सांगू नका म्हणते. लोक लगेच हात धरून चालवायला लागतील."

फोन पान वाचून दाखवतो, पण पान नियमाने लिहिलेलं असेल तरच. यंदा गणपतीच्या भजनाला नाव साइटवरच द्यायचं होतं, आणि दरवर्षी पहिलं भजन म्हणणाऱ्या काकूंना सकाळपासून नाव द्यायची जागा सापडत नव्हती.

"काका, तुम्ही वाचून दाखवा ना."

"वाचायचो. पण हिची कुणी मैत्रीण वारल्याचं साइटवर आलं की ते मी गाळायचो. हिने पकडलं. आता माझ्याकडून ऐकत नाही."

"खोटारडे आहेत," काकू म्हणाल्या.

मी पावती बाजूला ठेवली. "काका, जुनी साइट आत्ताच्या आत्ता परत लावा, भजनाची नोंदणी घालून."

"आणि कमिटी?"

"कमिटीला मी बघते."

काका बसले, तर आधी चौघांत तपासायला लागले. मी खुर्ची ओढून बसले. मग काकूंनी स्क्रीनवरून बोट फिरवलं. फोनमधली बाई म्हणाली, "गणपती भजन. नाव नोंदवा." काकांना राहवेना, त्यांचा हात पुढे गेला.

"हात काढा," काकू खेकसल्या. "माझं मला कळतंय."

काकांनी हात मागे घेतला. बायको खेकसली म्हणून इतका सुखावलेला नवरा मी उभ्या मुलुंडात पाहिलेला नाही.