सासूबाईंचे पाय आणि एकशेवीस व्होल्ट

“करंट म्हणजे करंट! तो काय अमेरिकेत इंग्रजी बोलतो आणि नाशकात मराठी?”

बुद्धभूषणने हे वाक्य अशा तोऱ्यात फेकलं, की अख्ख्या जिल्ह्याची वीज याच्याच खिशातून जाते असं वाटावं! प्रत्यक्षात तो अंबडच्या एका कारखान्यात खोकी मोजून ट्रकमध्ये चढवून घ्यायचा. पण सासूबाई कळवणहून आठ दिवसांसाठी आल्या होत्या, त्यांचे गुडघे धरले होते आणि अमेरिकेतल्या मेव्हण्याने, रोहितने, आईसाठी पाय दाबायचं मशीन धाडलं होतं. ते सुरू करायचा मान जावयाचाच!

“अहो, याची पिन आपल्या बोर्डात बसत नाहीये,” सायली म्हणाली. “वरच्या खलीलभाईंना विचारा ना! सातपूरला विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करतात ते.”

“दोन चपट्या पिनांसाठी खलीलभाई? छे!”

बुद्धभूषण कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर पिन घेऊन आला. पिन खटकन बसली. त्याची छाती दोन इंच फुगली.

चंद्रभागाबाईंनी सोफ्यावर बसून, गमबूट घालावेत तसे दोन्ही पाय मशीनमध्ये घातले.

“जावईबापू, चावणार नाय ना हे?”

“आई, डोळे मिटा. स्वर्ग दिसेल!”

त्याने बटण दाबलं. मशीन आधी गुरगुरलं, मग किंचाळलं आणि मग पिसाळलेल्या रेड्यासारखं उधळलं! आधी सासूबाईंचे पाय हलले, पाठोपाठ सासूबाई, पाठोपाठ सोफा!

“अअअगगग बंबंबंद करा!”

“आई, सुरुवातीला असंच वाटतं!”

फट्! मशीनच्या बुडातून काळा धूर निघाला. चंद्रभागाबाईंनी पाय उपसले, आणि सकाळी दोन पायऱ्या चढायला दहा मिनिटं घेणारी ही बाई तीन मजले उतरून थेट पार्किंगमध्ये!

“मेन बंद करा!” सायली किंचाळली.

घरातला मेन दाराच्या मागेच होता. पण घाबरलेल्या माणसाला जवळचं दिसतं कुठे? बुद्धभूषण जिन्याने खाली मीटरपाशी धावला आणि तिथला सगळ्यात मोठा खटका त्याने खाली ओढला. सगळ्या बिल्डिंगची वीज गेली. चालती लिफ्ट पहिल्या मजल्याच्या तोंडाशी अडकली.

“कोण आहे रे तो शहाणा?” लिफ्टमधून आवाज आला. खलीलभाईंचाच!

बुद्धभूषणने दाराच्या फटीला तोंड लावून सगळा गुन्हा कबूल केला.

“भूषणभाऊ, आधी प्लग काढा! मग मशीनखालचा स्टिकर वाचा!”

तो धापा टाकत वर गेला आणि धापा टाकत खाली आला.

“एकशेवीस व्होल्ट लिहिलंय!”

“आणि आपल्या घरात किती येतात?”

“दोनशे… तीस?”

“म्हणजे जवळजवळ दुप्पट! अरे, पिन बदलली म्हणून व्होल्टेज बदलतं का? टोपी बदलून डोकं बदलतं का? आधी स्टिकर वाचायचा, मग मधे ट्रान्सफॉर्मर लावायचा, दोनशेतीसचे एकशेवीस करणारा! आता तो मेन वर करा, मला घुसमटतंय!”

घामाने निथळत खलीलभाई बाहेर आले. वर जाऊन त्यांनी मशीन उघडलं, नाकाशी धरलं आणि मान हलवली.

“मोटार गेली. आता हिला कुठलाच करंट चालणार नाही.”

खाली चंद्रभागाबाई वॉचमनच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या होत्या. “आधी त्याला बांधून ठेवा, मगच मी वर येणार!” ‘त्याला’ म्हणजे मशीनला की जावयाला, हे विचारायची हिंमत बुद्धभूषणला झाली नाही.

तीन मजले धावल्याने संध्याकाळी गुडघे दुप्पट सुजले. सायलीने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तो मुकाट जमिनीवर बसला आणि तेलाची वाटी पुढे ओढली.

“जावयानं पाय धरायचे नसतेत!” सासूबाई दोन मिनिटं लाजल्या. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी दुसरा पायही पुढे केला. तेवढ्यात कळवणच्या शेजारीण ठमाबाईंचा, मशीनची चौकशी करायला, फोन आला.

“हां ठमाबाई! लय झ्याक हाय मशीन! आवाज नाय, धूर नाय… फक्त मधीच थांबून चहा मागतंय!”