पुसेगावचे पॅरिस सर

आमच्या पुसेगावच्या शाळेत खिल्लारे सरांना सगळे ‘पॅरिस सर’ म्हणत. सर वाशीमच्या पुढं कधी गेले नव्हते. पण देशोदेशींच्या मानवी हक्क आयोगांनी सरकारच्या दावणीला बांधून न घेता काम कसं करावं, याचे नियम पॅरिसला ठरले, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि ते शहर त्यांच्या जिभेवरच राहायला आलं.

कबड्डीत कप्तानाचाच मेव्हणा पंच निघाला, की सर गर्दीतून ओरडत, “पॅरिसात बसत न्हाई!”

आपल्या देशाच्या आयोगाला जगातल्या आयोगांच्या संघटनेनं ‘अ’ दर्जा दिला, तेव्हा सरांनी लेक बोर्डात आल्यासारखे पेढे वाटले. मी गणिताचा मास्तर. विचारलं, “एकदा मिळाला म्हणजे झालं ना?”

“न्हाई हो, फिरून परीक्षा असते! आयोगाकडं आलेल्या तक्रारींचा तपास पोलिसातलेच लोक करून राहिले. तिथं मार्क कापतील, बघा तुमी.”

मग त्यांच्याच हट्टानं शाळेत तक्रार समिती झाली. अध्यक्ष ते, सदस्य मी आणि शिवणाच्या बाई. महिनाभरानं तक्रारपेटीत पहिला अर्ज निघाला. सर मोठ्यानं वाचू लागले आणि मधेच थांबले. पुढचं मी वाचलं. नववीतल्या सुनीता राठोडनं लिहिलं होतं, ‘पॅरिस सर उशीर झाला की वर्गाबाहेर उभं करतात. तांड्यावरून एकच गाडी हाय. काहून उशीर झाला, विचारत न्हाईत.’

हेडमास्तर म्हणाले, “लेकरू हाय. समजावून मिटवून टाका.”

“मीच आरोपी आन् मीच अध्यक्ष?” सर ताडकन उठले. खुर्ची माझ्याकडं सरकवून समोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. अर्जावरची नजर न काढता मी विचारलं.

“तिला कारण विचारलं होतं का, सर?”

“न्हाई. चुकलं माझं.”

आम्ही निकाल दिला : वर्गासमोर माफी, आणि हजेरी तांड्याची गाडी आल्यावर. दुसऱ्याच दिवशी सरांनी सगळ्या वर्गादेखत हात जोडले. सुनीताच लाजून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ना, सर.”

शाळा सुटल्यावर ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पाहिलं का मास्तर? आपली समिती मला भ्याली न्हाई! पक्की निघाली!” मलाही छाती फुगल्यासारखं वाटलं. इतका खूश हरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

फाटकाशी मात्र ते हळू आवाजात बोलू लागले. “चौथीपर्यंत मी शाळेच्या ओट्यावर बसून शिकलो. आमच्या वस्तीतल्या पोरांना आत घेत नसत. बाप पंचायतीत विचारायला गेला, तर म्हणाले, गुरुजींकडं अर्ज द्या. बाहेर बसवणारे तेच गुरुजी.”

फाटकाची कडी लावत म्हणाले, “आन् मी त्या पोरीला दारात उभं केलं.”

आम्ही सायकली हातात धरून गावापर्यंत चालत गेलो. वर बसावंसं दोघांनाही वाटलं नाही.