कपाटातला व्हॉल्व्ह

पाणी नेहमी पुढेच वाहते, असा सामान्य माणसाचा भाबडा समज असतो. नियमावली इतकी भाबडी नाही. जोर गेला की पाइपातले पाणी उलटेही फिरते, हे ती जाणते. म्हणून फरशी पुसायचे औषध पाण्यात कालवून देणाऱ्या प्रत्येक यंत्रापाशी, पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह असावा आणि तो 'सदैव सुस्थितीत' असावा, असे तिने नवव्या कलमात (पोटकलमे अकरा, अपवाद चौदा) बजावले आहे.

या इमारतीत नियम पाळण्याची हौस दांडगी. व्हॉल्व्ह आणलेला होता. पण बसवला तर त्याला पाणी लागणार, क्षार धरणार, सुस्थिती जाणार. म्हणून व्यवस्थापकांनी तो मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात कुलूपबंद ठेवला. तपासनीस दरवर्षी येत, कपाट उघडायला लावत, व्हॉल्व्हकडे कौतुकाने पाहत आणि शेरा देत : उत्कृष्ट. सलग सहा वर्षे शंभर टक्के. पाइपात बसलेल्या एकाही व्हॉल्व्हच्या नशिबी हा मान आलेला नाही.

डोक्याला घोर होता तो एकट्या प्लंबरकाकांच्या. यंत्राला पाणी देणारा पाइपच पुढे पाळणाघरात जाई, आणि तिथे त्यांची चार वर्षांची नात असे. त्यांनी तीन अर्ज दिले. शेवटी व्यवस्थापकांनी त्यांना खुर्ची देऊन समजावले, "काका, बसवला आणि खराब झाला, तर जबाबदार कोण? तुमचं नाव घालू?" काकांनी चौथा अर्ज दिला नाही. त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

एका मंगळवारी रस्त्यावरचा मोठा पाइप फुटला, जोर गेला, आणि थोड्या वेळाने पाळणाघराच्या नळाला फरशीच्या औषधाचा निळा फेस आला. नातीने पेला तोंडाला लावलाच होता. तिथल्या बाईंनी हिसकावला म्हणून निभावले. काका धावत आले. त्यांनी इमारतीचे पाणी बंद केले, पान्याने कपाटाचे कुलूप तोडले आणि व्हॉल्व्ह बसवूनच उठले.

"आता घाला माझं नाव," ते व्यवस्थापकांना म्हणाले.

घातले. यंदाचा शेरा : नापास (व्हॉल्व्ह ओला आढळला). काकांना घरी बसवण्यात आले. त्या आदेशासोबत इमारतीतल्या लोकांचा तक्रारअर्ज जोडला होता : दोन तास पाणी नसल्याने झालेल्या अतोनात गैरसोयीबद्दल. सह्या एकशे बारा, पैकी पाळणाघराच्या पालकांच्या एकवीस.

सह्या करणारी माणसे मुळीच वाईट नव्हती. घाईत होती, कागद समोर आला, इतरांनी केलेली दिसली, म्हणून केली. तुम्ही तरी तुमची सही करताना वर काय लिहिलंय ते कुठे वाचलं होतं?